नाटकाआधीच्या जेवणाचे मोल

जेवणाचे पैसे वसूल झाले असे माणूस म्हणतो तेव्हा ताटात काय पडले आणि खिशातून काय गेले, एवढाच ताळा तो मांडत असतो. हे पैसे नेमके कोणाकडून वसूल झाले, हा प्रश्न त्या ताळ्यात सहसा येत नाही. किंमत मेनूवर छापलेली असते. मोल ठरवावे लागते. ते ठरवायला बसले की न्याय, संयम आणि सुख यांविषयीचे फार जुने प्रश्न समोर उभे राहतात. न्यूयॉर्कमधला नाट्यगृहांचा परिसर हे प्रश्न तपासायला चांगली जागा आहे, कारण तिथे भूक, घाई आणि महागाई एकाच तासात गाठतात.

मॅनहॅटनमध्ये साधारण ४१ व्या ते ५४ व्या स्ट्रीटपर्यंत, सिक्स्थ आणि एट्थ ॲव्हेन्यूंच्या मधल्या पट्ट्यात ब्रॉडवेची बहुतेक नाट्यगृहे दाटीने उभी आहेत. संध्याकाळचा प्रयोग सातला किंवा आठला सुरू होतो. त्याआधीच्या दीड-दोन तासांत हजारो प्रेक्षक एकदमच टेबल शोधायला निघतात. टाइम्स स्क्वेअरच्या तोंडावर दर चढे असतात. तिथून पश्चिमेला गेले की ४६ व्या स्ट्रीटवर, एट्थ आणि नाइन्थ ॲव्हेन्यूंच्या मध्ये, ‘रेस्टॉरंट रो’ लागते. हे नाव तिला १९७३ मध्ये मिळाले. आणखी पुढे नाइन्थ ॲव्हेन्यूवर, हेल्स किचन या वस्तीत, छोट्या खाणावळींची रांगच आहे आणि तिथले दर बरेच सुसह्य आहेत.

चौकातले जेवण महाग का, याचे उत्तर बहुतेक लोक ‘तिथले भाडे जास्त’ असे देतात. डेव्हिड रिकार्डोने १८१७ च्या आपल्या ग्रंथात हा कार्यकारणभाव उलटा करून दाखवला. जमिनीचा खंड जास्त म्हणून धान्य महागत नाही, धान्याला भाव येतो म्हणून खंड चढतो, असे त्याचे म्हणणे होते. हेच रेस्टॉरंटला लावले तर चौकातले भाडे वाढवणारा माणूस म्हणजे नाट्यगृहाच्या दारातच जेवू पाहणारा घाईतला प्रेक्षक ठरतो. पाच-सात मिनिटे चालायची तयारी असलेला प्रवासी त्या खंडातून सुटतो. त्याची बचत ताटातून कापलेली नसते, म्हणून ती सर्वांत निर्दोष बचत म्हणावी लागेल.

पण घाईतल्या माणसाकडून जास्त पैसे घेणे न्याय्य आहे का? तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने ‘सुम्मा थिओलॉजिआ’मध्ये या प्रश्नाचा सूक्ष्म विचार केला आहे. वस्तू हातची जाताना विकणाऱ्याचे नुकसान होत असेल तर त्याने ते किमतीत धरावे, याला त्याची हरकत नाही. मात्र विकणाऱ्याचे काहीच जात नसताना, केवळ घेणाऱ्याची गरज मोठी आहे म्हणून किंमत वाढवणे त्याला मान्य नाही. ती गरज घेणाऱ्याची आहे. जे आपले नाही ते विकायचा अधिकार विकणाऱ्याला नाही. पडदा उघडायला पाऊण तास उरलेला असताना प्रेक्षकाच्या पोटातली भूक ही अशीच त्याची स्वतःची गोष्ट आहे. उलट सहा ते साडेसात या वेळेसाठी जादा माणसे कामावर ठेवावी लागत असतील आणि आठनंतर टेबले रिकामी राहत असतील, तर तो खर्च खरा आहे आणि किमतीत त्याला जागा आहे. एकच दर एका कारणाने न्याय्य आणि दुसऱ्या कारणाने अन्याय्य ठरू शकतो, ही अक्वायनसच्या विचारातली मौलिक गोष्ट आहे. बाजारात मिळते तीच रास्त किंमत, असे मानणाऱ्याला हा फरक दिसतच नाही.

नाटकाआधीचे ठरलेल्या दराचे जेवण ही या अडचणीवरची चांगली तोड आहे. दोन किंवा तीन पदार्थ, मोजके पर्याय, दर आधीच जाहीर. स्वयंपाकघराला एकसारखी ताटे भराभर काढता येतात आणि प्रेक्षक वेळेत उठतो. दोघांचाही खरा फायदा असल्यामुळे इथली सवलत कोणाच्या गळ्यावर बसत नाही. न्यूयॉर्कमध्ये अशा जेवणाची मोठी हवा १९९२ च्या ‘रेस्टॉरंट वीक’ने केली, तेव्हा दुपारच्या जेवणाचा दर वर्षाच्या आकड्यावरून १९ डॉलर ९२ सेंट ठेवला होता. अर्थात तीनपैकी एकच पदार्थ खायचा असेल तर ठरलेला दर स्वस्त पडत नाही.

आता घेणाऱ्याची बाजू. ॲरिस्टॉटलने ‘निकोमाखीय नीतिशास्त्रा’च्या चौथ्या भागात पैशाच्या व्यवहारातला सद्गुण उधळेपणा आणि कंजूषपणा यांच्या मध्ये ठेवला आहे. योग्य ठिकाणी, योग्य वेळी, योग्य तेवढे खर्च करणे आणि ते कुरकुर न करता करणे, हे त्याचे लक्षण. या कसोटीवर केवळ बिल लहान यावे म्हणून बेचव जेवणारा आणि नावाजलेल्या ठिकाणी बसल्याचे सांगता यावे म्हणून खिसा रिकामा करणारा, दोघेही चुकतात. एपिक्युरसने आणखी पुढे जाऊन भूक लागलेल्याला साधी भाकरी आणि पाणीही परमसुख देते असे म्हटले. त्याला मेजवानीचे वावडे नव्हते. तिच्यावाचून अडून राहणे त्याला नको होते. साध्या जेवणाची सवय असलेल्याला अधूनमधून येणारी मेजवानी जास्त गोड लागते, हे त्याचे निरीक्षण प्रवाशाच्या फार कामाचे आहे.

भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायातली युक्ताहाराची कल्पना याहून वेगळ्या अंगाने येते. अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही, असे तिथे सांगितले आहे. आहार किती हे पुढच्या कामावरून ठरते. इथे पुढचे काम आहे अडीच तास अंधारात बसून समोरच्या माणसांकडे जागेपणी पाहण्याचे. भरतमुनींच्या ‘नाट्यशास्त्रा’त या दोन गोष्टींचे नाते आणखी जवळचे आहे. रस म्हणजे काय हे समजावताना सहाव्या अध्यायात जेवणाचाच दृष्टांत घेतला आहे: नाना व्यंजनांनी संस्कारलेले अन्न खाताना प्रसन्न मनाचा माणूस जसा रसांचा आस्वाद घेतो, तसाच प्रेक्षक अभिनयाने व्यक्त झालेल्या भावांचा घेतो. या दृष्टांतात मन प्रसन्न असण्याची अट आहे, आणि ती ताटाला जितकी लागू तितकीच रंगमंचाला. बिल पाहून चरफडत नाट्यगृहात शिरलेला किंवा तुडुंब जेवून पेंगणारा प्रेक्षक तिकिटाचे पैसेही गमावतो. म्हणून या जेवणाचे मोल एकट्या जेवणावरून ठरत नाही, सबंध संध्याकाळीवरून ठरते.

या व्यवहारात एक तिसरा माणूसही असतो. अमेरिकेत मेनूवरच्या आकड्यात कर धरलेला नसतो आणि वाढणाऱ्याची टिपही नसते. न्यूयॉर्क शहरात रेस्टॉरंटच्या बिलावर ८.८७५ टक्के विक्रीकर लागतो, आणि टेबलावर वाढले जात असेल तर १८ ते २० टक्के टिपेची रीत आहे. २०२५ मध्ये शहरातले किमान वेतन तासाला साडेसोळा डॉलर होते. वेटरला मात्र मालकाने ११ डॉलर रोख दिले आणि उरलेले साडेपाच टिपेतून मिळाले तरी कायद्याला चालत होते. म्हणजे टिपेचा एक भाग कायद्यानेच मजुरीत मोजला जातो. देणगी आणि देणे हे शब्द मराठीत शेजारी राहतात, पण त्यांत फरक मोठा आहे. देणगी न दिल्याने कोणाचे बुडत नाही, देणे न दिल्याने बुडते. टिप वरून देणगीसारखी दिसते. हिशोबाने ती देणे आहे.

ही पद्धतच मुळात चुकीची आहे, मजुरी मालकाने द्यावी, असे कोणी म्हणेल. त्याचे म्हणणे खरे आहे. पण टिप न ठेवता केलेल्या निषेधाची झळ मालकाला बसत नाही. ती रात्री उशिरा भुयारी रेल्वेने घरी जाणाऱ्या वेटरला बसते. ज्याला ही पद्धत अमान्य आहे त्याने जिथे टेबलावर वाढले जात नाही तिथे जेवणे, हाच सरळ मार्ग आहे.

याच वस्तीत अशा जेवणाचा मोठा इतिहास आहे. हॉर्न अँड हार्डार्ट कंपनीने १९१२ मध्ये टाइम्स स्क्वेअरला ‘ऑटोमॅट’ उघडले. भिंतभर छोटे काचेचे कप्पे. एकात पाय, एकात सँडविच, एकात वाटाण्यांची बशी. फटीत पाच सेंटचे नाणे टाकायचे, मूठ फिरवायची, झाकण उघडले की बशी उचलायची. कॉफी डॉल्फिनच्या तोंडाच्या तोटीतून पडायची आणि १९५० पर्यंत तिचा दर पाच सेंटच राहिला. दर सर्वांना सारखा, टिप नाही, आणि कोणी किती खाल्ले याकडे बघायला वेटर नाही. काम नसलेला नट आणि कचेरीतली टायपिस्ट एकाच टेबलाशी बसू शकत. कप्पे मागून भरणारे हात मात्र काचेआड राहत. शहरातले शेवटचे ऑटोमॅट १९९१ मध्ये बंद झाले. आज ती गरज पिझ्झाचा एक तुकडा हातात देणारी दुकाने आणि ५३ व्या स्ट्रीटच्या कोपऱ्यावर चिकन-भात विकणाऱ्या गाड्या भागवतात.

शोधण्याचीही एक किंमत आहे. सर्वोत्तमाचा शोध घेत राहण्यापेक्षा पुरेसे चांगले सापडताच थांबणे हेच बहुधा शहाणपणाचे असते, हे हर्बर्ट सायमनने १९५६ मध्ये मांडले. पडदा ठरलेल्या वेळी उघडणार असताना हे जास्तच खरे ठरते.

तेव्हा हिशोब असा. मेनूवर ३० डॉलर लिहिलेल्या पदार्थावर २ डॉलर ६६ सेंट कर आणि वीस टक्क्यांनी ६ डॉलर टिप धरली की ३८ डॉलर ६६ सेंट होतात. एवढी रक्कम ज्याच्या बेतात बसत नाही, त्याला ते रेस्टॉरंट परवडणारे नाही, आणि त्याने काउंटरवरच जेवावे.