पंचमाची खुंटी

मागच्या महिन्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने इंग्रजीतला एक मसुदा तपासायला पाठवला. तालुक्याच्या गावातला छोटासा न्यास, गरजू मुलांना शिष्यवृत्त्या देणारा. देणगीदारांपैकी काही जण परदेशात स्थायिक झालेले, त्यांच्या पुढच्या पिढीला मराठी वाचता येत नाही, म्हणून नवी नियमावली इंग्रजीतही हवी होती. प्रास्ताविकात तिने लिहिलं होतं की न्यासपत्र या नियमांशी ‘कॉन्सोनंट’ आहे. शब्द योग्य, स्पेलिंग योग्य, पुढचं ‘विथ’सुद्धा योग्य. मी फक्त वाक्य फिरवलं : हे नियम न्यासपत्राशी कॉन्सोनंट आहेत. संध्याकाळी तिचा फोन आला. “बाई, दोन्हींचा अर्थ एकच ना? हे त्याच्याशी जुळतं म्हणजे ते ह्याच्याशी जुळणारच की.”

भूमितीत तिचं म्हणणं खरं ठरलं असतं. एक त्रिकोण दुसऱ्याशी एकरूप असला की दुसराही पहिल्याशी एकरूप असतोच. या एकरूपतेला इंग्रजीत ‘कंग्रुअंट’ म्हणतात आणि त्रिकोणांची जागा बदलली तरी विधान तसंच राहतं. कॉन्सोनंटचं तसं नाही, एवढं मला ठाऊक होतं. का नाही, हे मात्र फोनवर धड सांगता आलं नाही, आणि त्याची रुखरुख लागून राहिली. चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या माणसाला एका विशेषणाचं वागणं समजावून सांगता येऊ नये, हे मनाला लागतं.

शब्दाच्या पोटात आवाज आहे. लॅटिनमध्ये ‘कॉन’ म्हणजे सह आणि ‘सोनारे’ म्हणजे वाजणे. ज्या धातूपासून हे सोनारे आलं, त्याचंच संस्कृत रूप ‘स्वन’. आपले भाषाशास्त्रज्ञ स्वन, स्वनिम म्हणतात, तेच हे. म्हणजे कॉन्सोनंट म्हणजे सोबतीने वाजणारं. इंग्रजीत व्यंजनालाही हाच शब्द आहे. स्वराची सोबत मिळाल्याशिवाय ज्यांचा उच्चार होत नाही, अशा वर्णांना ग्रीक वैयाकरणांनी ‘सोबत वाजणारे’ म्हटलं आणि रोमनांनी त्या नावाचा लॅटिन अनुवाद केला. आपण ‘क्’ लिहिताना त्याचा पाय मोडतो. तो उभा राहण्यासाठी कुणाची तरी वाट पाहत असतो. कॉन्सोनंट हे विशेषणही असंच वाट पाहतं. ‘हा निर्णय कॉन्सोनंट आहे’ एवढं लिहून पूर्णविराम दिला, तर वाचणारा पुढे झुकून विचारतो, कशाशी? संगीतात मात्र हा शब्द एकटा चालतो, कारण तिथे दोन स्वर आधीच समोर असतात.

संगीतावरूनच मला उत्तराची वाट सापडली. माझी धाकटी बहीण गाते. तिची पट्टी काळी चार. पहाटे ती तंबोरा लावायला बसते तेव्हा मी शेजारच्या खोलीत जागीच असते. आधी मधल्या दोन तारा, म्हणजे जोड, षड्जात मिळवायच्या. दोन तारा जवळ आल्या पण मिळाल्या नाहीत, तर आवाजात एक लाट उठते, वँव् वँव् वँव्. खुंटी केसभर फिरवली की लाट लांबत जाते, मंदावते आणि एका क्षणी विरून जाते. मग घोडीखालचा मणी नखाने किंचित सरकवायचा. मग जवारीचा दोरा. मग पंचम, शेवटी खर्ज. सगळं जमलं की खर्जाच्या तारेतून कुणीही न छेडलेला गंधार ऐकू यायला लागतो आणि बहीण डोळे मिटते.

एका पहाटे पंचम काही केल्या बसेना. ती त्याचीच खुंटी फिरवत राहिली, सैल केली, पुन्हा चढवली. जोडीच्या तारांना तिने हातही लावला नाही. तो लावायचाच नसतो. षड्ज हलवून पंचम ‘जुळवून’ दाखवता येईलही, पण मग पट्टीच बदलते आणि गायचं कशात हा प्रश्न उरतो. मिळवायचं असतं ते पंचमाला, षड्जाशी.

विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं उत्तर हेच. कॉन्सोनंट विथ म्हटल्यावर ‘विथ’च्या पुढे जे येतं, तो षड्ज. आधी ठरलेलं, मान्य झालेलं, ज्याच्या कसोटीवर बाकीचं तपासायचं ते तिथे बसतं : तत्त्व, कर्तव्य, पदाची प्रतिष्ठा, करार, घटना. वाक्याच्या आरंभी येतं ते नव्याने आलेलं, अजून हलवता येणारं : वागणं, निर्णय, धोरण, नियम. जागा बदलल्या तर व्याकरण मोडत नाही. मोडतो तो क्रम, कुणी कुणापुढे उत्तरदायी आहे याचा.

भारताच्या संविधानाने हा क्रम स्पष्ट केला आहे. अनुच्छेद १३ मूलभूत हक्कांशी ‘इनकन्सिस्टंट’, म्हणजे विसंगत कायद्यांबद्दल आहे. २६ जानेवारी १९५० च्या आधीपासून अमलात असलेला कायदा जेवढ्यापुरता या हक्कांशी विसंगत, तेवढ्यापुरता तो शून्य. हक्क कायद्याशी विसंगत आहेत, असं तिथे म्हणताच येणार नाही. खुंटी कायद्याची फिरवायची आहे. शासकीय पत्रांत आणि निकालपत्रांत ‘इन कॉन्सोनन्स विथ’ हा प्रयोग पदोपदी भेटतो. तो वाचताना मी आता पहिल्यांदा ‘विथ’नंतरचा शब्द बघते.

या ‘विथ’ची मला फार ओढ आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा मूळ अर्थ होता विरुद्ध, समोरासमोर. ‘विथस्टँड’मध्ये, म्हणजे तोंड देऊन टिकण्यात, तो अजून शिल्लक आहे. सोबतीसाठी तेव्हा ‘मिड’ होतं, जर्मन ‘मिट’चं भावंड. ते गेलं. सुईणीला म्हणतात त्या ‘मिडवाइफ’मध्ये, बाळंतिणीसोबत असणारी या अर्थाने, तेवढं उरलं. विरोधाचा शब्द सोबतीला आला, आणि मराठी माणसाला यात परकं काही वाटू नये. आपला ‘शी’ बघा. भावाशी भांडला, भावाशी बोलला. तिच्याशी वैर, तिच्याशी लग्न. नियमाशी सुसंगत, नियमाशी विसंगत. हा प्रत्यय सांगतो ते इतकंच की दोघं समोरासमोर आली आहेत. पुढे काय घडलं ते दुसरा शब्द सांगतो. म्हणूनच मराठी माणसाचं कॉन्सोनंटनंतरचं शब्दयोगी अव्यय सहसा चुकत नाही. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या इंग्रजीत इथे ‘टू’ही चालत असे. आता ‘विथ’च लिहावं.

चूक होते ती दुसरीकडे. कोशात अर्थ दिसतात सुसंगत, अनुरूप, मिळताजुळता, आणि लिहिणारा साडीशी मिळत्याजुळत्या ब्लाऊजलाही हा शब्द लावतो, किंवा ‘मी आपल्याशी कॉन्सोनंट आहे’ असं पत्र लिहितो. माणसं सहमत असतात, गोष्टी सुसंगत असतात. हा भेद मराठीने स्वच्छ राखला आहे, तोच इंग्रजीतही पाळायचा. सगळ्यांचं एकमत सांगायचं तर ‘युनॅनिमस’ आहे. त्यातला ‘ॲनिमस’ आपल्या अनिलाचा नातेवाईक : एक श्वास झालेली माणसं. नुसता अंतर्विरोध नाही एवढंच म्हणायचं असेल, तर साधं ‘कन्सिस्टंट’ पुरे. साक्षीदाराचे दोन जबाब कन्सिस्टंट असतात, दोन्ही टिकून उभे राहतात. त्यांना कॉन्सोनंट म्हटलं तर शब्द उगीच जड होतो. त्याला गांभीर्य लागतं, आणि ते पेलणारं नाम लागतं.

मराठीत या शब्दाच्या सगळ्यात जवळचा मला ‘संवादी’ वाटतो. भरताच्या नाट्यशास्त्रात ज्या दोन स्वरांमध्ये नऊ किंवा तेरा श्रुतींचं अंतर असतं ते परस्परांचे संवादी. षड्ज-मध्यम नऊ, षड्ज-पंचम तेरा. ग्रीकांनी हीच नाती तारेच्या लांबीवर मोजली, चारास तीन आणि तिनास दोन. दोन संस्कृतींच्या कानांना तेच स्वर जवळचे वाटले, आणि दोघांनीही ती जवळीक दूर उभ्या असलेल्या स्वरांत ऐकली. अगदी लगतचे, दोनच श्रुतींच्या अंतरावरचे स्वर तर भरताने विवादी मानले. पुढे रागांच्या वर्णनात वादी आणि संवादी आले. यमनात गंधार वादी, निषाद संवादी. निषाद गंधारासारखा होत नाही, आपल्या जागी राहूनच त्याला उत्तर देतो. आज ‘संवादी’ म्हटलं की बोलका, मिसळणारा एवढाच अर्थ मनात येतो, याचं मला वाईट वाटतं. ‘विसंवादी सूर’ तेवढा आपण जुन्या अर्थाने जपला. त्याचा जोडीदारही परत यावा. ‘न्यासपत्राशी संवादी नियम’ हे मी माझ्या पुढच्या मराठी मसुद्यात लिहिणार आहे, खटकलं तरी.

हे सगळं मी तिला पत्राने कळवलं, तंबोऱ्यासकट. आठवड्याने मसुदा परत आला. वाक्य तिने फिरवलेलंच ठेवलं होतं. पण ते तसं लिहिल्यावर, तिनेच फोनवर सांगितलं, तिला न्यासपत्र पुन्हा काढून एकेक नियम त्याच्याशेजारी ठेवून वाचावा लागला. न्यासपत्रात शब्द होते, ‘तालुक्यातील कोणताही विद्यार्थी’. सातव्या नियमात गावात दहा वर्षं वास्तव्याची अट होती. वाड्या-पाड्यांवरची, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं त्या अटीने बाहेर पडत होती. तिने सातव्या नियमाभोवती पेन्सिलीने चौकट केली होती, आणि प्रास्ताविकातल्या कॉन्सोनंटवर अजून शाई फिरवली नव्हती.