माया किती सोडायची

मागच्या दिवाळीआधी मी काकूकडून दोन ब्लाउज शिवून घेतले. नागपुरात टाकले असते तर पैसे जास्त गेले असते आणि मुंढ्यात ते बसलेही नसते. काकू पोंभुर्ण्याला राहते. माझं माप तिच्या वहीत आहे, पण वही न उघडताही ती बेतते. एसटीने येणाऱ्या ओळखीच्या माणसासोबत तिने पिशवी पाठवली. मी घालून पाहिलं, छान बसलं, आणि तिथेच उभ्याउभ्या फोनपेवर तिला 500 रुपये पाठवले.

दहा मिनिटांत 500 रुपये परत आले. पाठोपाठ फोन.

"आता तूबी गिराईक झाली का वं?"

मी हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. ती हसली नाही. "जेवली का?" एवढं विचारून तिने फोन ठेवला. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, कारण मला अजूनही वाटत होतं की मी बरोबर वागले. बायकांच्या कष्टाला मोल नसतं, घरातल्या कामाचा हिशेब कुणी ठेवत नाही, हे सगळं मी वाचलेलं, बोललेलं, कुठेकुठे लिहिलेलंही. आणि जिच्या कष्टांवर मी वाढले तिला मोल द्यायला गेले, तर तीच दुखावली. मग चूक कुणाची?

हा प्रश्न नीट मांडायचा तर थोडं मागे जावं लागेल.

आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीपासून बारावीपर्यंत मी काकाकाकूकडे पोंभुर्ण्यात राहिले. काका गवंडी. काकूची पायमशीन समोरच्या खोलीत, दाराजवळ, उजेडात. बचतगटाच्या कर्जावर घेतलेली. त्याआधी काकू आमच्याकडच्या बहुतेक बायकांसारखी मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला जायची, मे महिन्यात तेंदूपत्त्याला, पावसाळ्यात दुसऱ्याच्या बांधीत रोवणीला. चंद्रपूर जिल्ह्यात पहाटे जंगलात वाकून फुलं वेचणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगावं लागतं. वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असं इथले लोक म्हणतात. मशीन आली आणि काकूचं जंगलात जाणं सुटलं. म्हणून त्या मशीनकडे मी कधीच नुसतं कमाईचं साधन म्हणून पाहू शकले नाही. ती दारात असली की काकू घरात असायची.

काम हळूहळू वाढलं. साडीला फॉल-पिको, साधे ब्लाउज, अस्तराचे ब्लाउज, पोरींचे झगे, जूनमध्ये शाळेचे कपडे, लग्नसराईत तर जेवायलाही उसंत नाही. आणि कामासोबत एक शब्द वाढला. "एवढंसं." जावेचा परकर, एवढंसं तर आहे. शेजारच्या वहिनीच्या ब्लाउजची एक टीप, एवढंशीच. नणंदेच्या पोरीचा झगा, कापड आपलंच आहे, शिवायला किती वेळ लागते? कुणी पैसे विचारले नाहीत, काकूने सांगितले नाहीत. एवढंसं होतं ना.

आता हिशेब. साडीचा फॉल हाताने नीट लावायचा तर एक तास जातो. ब्लाउजची बाजू उसवून सैल करायची तर अर्धा, पाऊण तास. आठवड्याला अशी सात-आठ "एवढंसं" आली की काकूचा एक अख्खा दिवस गेला. पण काकूच्या आठवड्याला आठवा दिवस नव्हता. मग तो कुठून यायचा? थोडा तिच्या झोपेतून यायचा. उरलेला आमच्यातून. भांडी मी घासायची, सांजचा भात ताई टाकायची. दादा त्या वेळी मैदानावर असायचा, त्याला कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. ताईच्या बारावीच्या परीक्षेचे दिवस आणि लग्नाच्या ब्लाउजांचे दिवस एकच आले. काकूकडे बावीस ब्लाउज होते. त्यातले सात नात्यातले, म्हणजे फुकटातले. स्वयंपाकघर महिनाभर ताईकडे होतं. तिला कमी गुण पडले. कारण तेवढं एकच होतं असं मी म्हणणार नाही. पण त्या सात ब्लाउजांचे पैसे कुणी दिले, असं मला कुणी विचारलं तर माझ्यापुढे ताईच उभी राहते, चुलीपाशी, पुस्तक मांडीवर.

फुकट शिवलेलं काही नसतं. त्याची शिलाई घरातलं दुसरं कुणीतरी भरत असतं, आणि बहुतेक वेळा ज्याला नाही म्हणता येत नाही असं कुणीतरी.

देशभराचे आकडेही हेच सांगतात. सरकारच्या 2024 च्या वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी 289 मिनिटांचा वेळ बिनपैशाच्या घरकामात गेला. पुरुषांपैकी जे ते काम करतात, त्यांचा 88 मिनिटांचा. काकूची मशीन या 289 मिनिटांच्या वर बसलेली आहे, त्यांच्या जागी नाही. रील्समध्ये हसतमुख बायका "घर आणि बिझनेस कसा बॅलन्स करायचा" ते सांगतात तेव्हा मला काकाचा दिवस आठवतो. काका सकाळी थापी घेऊन जायचे आणि सांजेला यायचे. ते घर आणि गवंडीकाम यांचा तोल कसा सांभाळतात, असं त्यांना जन्मात कुणी विचारलं नाही. त्यांचं घर काकू सांभाळत होती, म्हणून त्यांचा तोल कधी गेलाच नाही. काका वाईट माणूस नाहीत, हेही सांगते. मशीनचा पट्टा तुटला की आधी तेच उठतात.

शिलाई मशीनच्या इतिहासातही प्रेम आणि पैशाचा असाच गुंता आहे. यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनी 1924 मध्ये एका विद्यार्थ्याशी बोलताना सिंगरच्या मशीनला मात्र अपवाद केलं होतं. बायकोला हाताने शिवताना होणारा त्रास पाहून सिंगरने तिच्यावरच्या प्रेमापोटी हे यंत्र शोधलं, अशी कथा त्यांनी सांगितली. कथा गोड आहे, पण खऱ्या सिंगरला त्यात ओळखणं कठीण. शिवण्याचं यंत्र त्याच्याआधीच होतं, 1846 मध्ये एलियास हाउने पेटंट घेतलेलं. आयझॅक सिंगरने सुधारलेल्या यंत्राचं पेटंट 1851 मध्ये घेतलं ते धंद्यासाठी. एकाच वेळी अनेक बायकांशी त्याचे संसार चालू होते आणि त्याला वीसहून जास्त मुलं होती. त्याच्या कंपनीची मोठी करामत म्हणजे हप्त्याने मशीन विकणं, घरातल्या बाईला परवडेल अशी. काकूचा बचतगटाचा हप्ता त्याच वाटेवरचा. गांधीजींना ती कथा का आवडली असेल ते मला कळतं. शिवणं म्हटलं की त्यामागे प्रेमच असावं असं आपल्या सगळ्यांनाच वाटतं. आणि प्रेम म्हटलं की दर विचारायचा नसतो.

दर ठरवला तरी तो कसा ठरतो पाहा. 2024-25 च्या शालेय वर्षात सरकारी शाळांचे गणवेश महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचतगटांच्या बायकांकडून शिवून घ्यायचं ठरलं. एका गणवेशाच्या शिलाईला 100 रुपये. कल्पना चांगली होती, गावातलं काम गावातच राहील अशी. काकूने बोटांवर मोजलं. शर्ट, पँट, काजं, बटणं, दोरा, वीज. मग म्हणाली, "हे त एवढंसंच झालं." गणवेश पुष्कळ शाळांत उशिरा पोचले आणि पुढच्या वर्षासाठी ती पद्धत बदलली. उशीर का झाला यावर बरंच बोललं गेलं. ते शिवणाऱ्या बाईच्या घरी त्या दिवसांत स्वयंपाक कुणी केला, यावर नाही.

इथवर मी काकूच्या बाजूने बोलते आहे असं वाटेल. म्हणून आता माझं सांगते.

17 सप्टेंबर 2023 ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. अठरा पारंपरिक व्यवसाय, प्रशिक्षण, अवजारांसाठी 15,000 रुपये, कमी व्याजाचं कर्ज. यादीत शिंपी आहे, गवंडीही आहे. पण लाभ एका कुटुंबात एकालाच, आणि नवराबायको म्हणजे एक कुटुंब. त्या हिवाळ्यात मी घरी होते. फोनवर नियम मीच वाचून दाखवले. नाव कुणाचं द्यायचं हे दहा मिनिटांत ठरलं. काकांचं. काकू म्हणाली, "त्याहीचंच दे, माही मशीन चालून राह्यली." मी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी काकांना गाडीवर मागे बसवून नोंदणीला घेऊन गेले. काकूला इंटरलॉकची मशीन हवी होती, हे मला माहीत होतं. ताईलाही माहीत होतं. मी विचारू शकले असते. बायकांच्या कष्टांवर वाचलेलं सगळं त्या दहा मिनिटांत माझ्या जवळच होतं, आणि मी गप्प बसले, कारण घरात सगळं गोडीने चाललं होतं. त्या गप्प बसण्याची किंमत मी दोन वर्षांनी 500 रुपयांत चुकवायला गेले होते. काकूला ते कळलं असेल का? माहीत नाही. पण पैसे परत आले तेव्हा मला तेच आठवलं.

दिवाळीनंतर मी लॅपटॉप घेऊन पंधरा दिवस पोंभुर्ण्यात राहिले. धानाची कापणी चालू होती, गावोगावी मंडई भरायच्या होत्या, रात्री नाटकं, पाहुणे. म्हणजे नव्या कपड्यांचे दिवस. काकूकडे तीन पोरी शिवण शिकायला येत होत्या. मी चौथी झाले. लहानपणी त्या घरात सात-आठ वर्षं राहून मी शिवण शिकले नव्हते. मी शिकावं ते पुस्तकातलं, असं काकूचंच म्हणणं होतं.

पहिला दिवस दोऱ्याविना. रेघांच्या वहीचा कागद मशीनखाली धरायचा आणि रेघेवरून सुई न्यायची. पाय आणि चाक यांचं जुळत नाही तोवर मशीन उलटी फिरते, सुई मोडते. दोन दिवस मी कागदच शिवला. मग धावदोरा, मग टीप, मग उशीचा अभ्रा. कापड आधी भिजवून वाळवायचं, नाहीतर शिवल्यावर आटतं. उभा धागा पाहून ठेवायचं. दोनदा मापायचं. पाचव्या दिवशी मी जुन्या साडीचा ब्लाउज बेतला आणि खडूच्या रेघेवर कात्री चालवली. बरोबर रेघेवर.

काकूने पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "माया कोठं हाये?"

शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात त्याला माया म्हणतात. बाहेरून ती दिसत नाही. बाई अंगाने भरली, बाळंत झाली, दोन वर्षांनी ब्लाउज आवळायला लागला की ती उसवून सैल करता येते. माझ्या ब्लाउजला ती नव्हतीच, त्यामुळे तो माझ्याच अंगात शिरला नसता. मग काकूने शिकवलं. कुशीला इंचभर सोड, खांद्याला कमी, गळ्याला नाममात्र. सगळीकडे सारखी सोडली तर ब्लाउज आत गोळा होतो, टोचतो.

त्या दिवसांत मी तिचं गिऱ्हाईक नीट पाहिलं. फॉल लावायला आलेल्या शेजारणीला तिने सरळ पैसे सांगितले. शेजारीण म्हणाली, "याचेबी पैसे घेतं का वं?" काकूने मशीन न थांबवता हो म्हटलं. हे नवीन होतं. ताईच्या बारावीनंतर सुरू झालं म्हणे, मला कुणी सांगितलं नव्हतं. धाकटी जाऊ मात्र आजही पैसे देत नाही. ती पावसाळ्यात वास्ते आणते, सात्या आणते, मोहाच्या दिवसांत फुलं. त्याचा हिशेब दोघींनाही तोंडपाठ आहे. शिवण शिकणाऱ्या तिघींतल्या एकीची फी काकू घेत नाही. का ते मी विचारलं, तर "तिची गोष्ट येगळी हाये" एवढंच.

म्हणजे मी समजत होते तसं काकूला मोल कळत नव्हतं असं नाही. कुणाला किती सोडायचं हे तिने स्वतः ठरवलं होतं, आणि कात्री तिच्या हातात होती. पूर्वी "एवढंसं" म्हणणारे तिच्या कापडातून परस्पर कापून नेत होते. मी उलट टोकाला जाऊन तिने माझ्यासाठी सोडलेली माया तिला न विचारता उसवायला निघाले होते. मी पैसे पाठवले ते चूक होतं का, याचं उत्तर अजूनही मला एका शब्दात देता येत नाही. ताईचा महिना आठवला की वाटतं, नात्यातल्या प्रत्येकाने पैसे द्यावेत. धाकट्या काकूच्या पदरातल्या सात्या आठवल्या की वाटतं, मग हे कशात मोजणार? पण विश्वकर्माच्या नोंदणीच्या वेळी काकूच्या हातात कात्री नव्हती. ती माझ्या हातात होती.

निघायच्या आदल्या रात्री मी तिला ते बोलून दाखवलं. इंटरलॉकचंही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दुसऱ्या बँकेत इचारून पाहा. माह्या नावानं." मी फोन काढला.

"आता नोको. उद्या." तिने शिवून झालेल्या ब्लाउजांचा गठ्ठा माझ्यापुढे टाकला. चौदा होते. "पैसे देनारी आली मोठी. हुक लाव."

मी दादालाही हाक मारली. तो आला, जरा अवघडून बसला, सुईत दोरा ओवायलाच त्याला चार मिनिटं लागली. साडेअकराला काकूने आमचं काम तपासलं. माझे दोन हुक वाकडे होते, त्याचे सगळेच.

"उसवा," ती म्हणाली.