रांगेत उभी असलेली माणसं

आजचं वाचन : निर्गम १८:१३-२३



निर्गमचा हा अध्याय आपण बहुतेक वेळा लीडरशिपच्या सेमिनारमध्ये ऐकतो. आज तो जरा सावकाश वाचू या. मोशेचा सासरा इथ्रो अरण्यात त्याला भेटायला येतो. सोबत सिप्पोरा आणि दोन मुलगे आहेत. कितीतरी दिवसांनी घरची माणसं भेटली आहेत. आणि दुसऱ्याच दिवशी मोशे लोकांचे तंटे सोडवायला बसतो, तो थेट सकाळपासून संध्याकाळपर्यंत. बायकोमुलांना काय वाटलं हे शास्त्र सांगत नाही. सासऱ्याने मात्र सगळं पाहिलं आणि विचारलं, की हे काय चालवलं आहेस?

मोशेचं उत्तर अगदी खरं आहे. लोक देवाची इच्छा विचारायला येतात, मग मी बसायला नको का? त्याचा हेतू चांगला आहे, लोकांची गरजही खरी आहे. तरी इथ्रो म्हणतो की हे बरं नाही. अशाने तूही झिजशील आणि तुझ्यासोबतचे हे लोकही.

‘लोकही’ या शब्दावर मी थांबलो. सेवेत थकवा येणं म्हणजे सेवकाचा वैयक्तिक प्रश्न असं आपण धरतो. ‘त्याला जरा विश्रांती द्या, त्याच्यासाठी प्रार्थना करा.’ इथ्रोचं लक्ष बसलेल्या मोशेकडे होतंच, पण दिवसभर रांगेत उभ्या असलेल्या माणसांकडेही होतं. एकाच माणसाकडे सगळं काम असलं की रांग वाढणारच.

बर्नआउट हा शब्द आपण आयटीवाले रोज वापरतो. पण १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने यावर लिहिलं, तेव्हा त्याच्यासमोर न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यात जीव ओतून काम करणारी माणसं होती. म्हणजे सेवा करणारेच! २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नोकरीतल्या बर्नआउटची तीन लक्षणं मांडली: शक्ती संपून जाणं, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून नीट काही होत नाही असं वाटणं. यातलं दुसरं लक्षण सेवेत फार धोक्याचं आहे. फोनवर एखाद्या विश्वासणाऱ्याचं नाव दिसतं आणि कपाळाला आठी पडते. आवाज गोड राहतो, शब्द आध्यात्मिक राहतात, पण आतून तो माणूस आपल्याला ओझं वाटू लागलेला असतो. समोरच्याला ते कळतं. रांगेतल्या माणसाचं नुकसान होतं ते असं.

मग खरा प्रश्न येतो. समोरची गरज खरी असताना ‘आता मला जमणार नाही’ म्हणणं हे प्रेमाच्या विरुद्ध नाही का? चांगल्या शोमरोन्याचं काय?

लूक १० पुन्हा वाचून बघा. तो थांबतो, जखमा बांधतो, त्या माणसाला स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, रात्रभर त्याची काळजी घेतो. दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार देतो, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन म्हणतो आणि आपल्या वाटेने जातो. त्याने स्वतःचा प्रवास कायमचा सोडला नाही. पण त्या माणसाला वाऱ्यावरही सोडलं नाही. जबाबदारी दुसऱ्याकडे सोपवली, पैसे दिले, परत चौकशीला येण्याचं वचन दिलं.

मला वाटतं, या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. प्रेमाला मर्यादा घालायची नाही. आपल्या वाट्याच्या कामाला मात्र मर्यादा असतेच, कारण आपण देव नाही. नुसतं ‘नाही’ म्हणून फोन बंद करणं म्हणजे त्या दुसऱ्या दोघांसारखं रस्त्याच्या पलीकडून निघून जाणं. ‘नाही’सोबत कुणीतरी उतारशाळेचा मालक हवा.

आमच्या कामात ऑन-कॉलचं वेळापत्रक असतं. माझी पाळी संपली की पुढच्याला सगळं नीट समजावून द्यायचं आणि मग झोपायचं. त्याला कुणी निष्काळजीपणा म्हणत नाही. मंडळीत मात्र एकच तरुण गिटार वाजवतो, प्रोजेक्टर लावतो, संडे स्कूल घेतो, डिसेंबरमध्ये कॅरल्सच्या फेऱ्या सांभाळतो, आणि त्याने एक रविवार मागितला की ‘विश्वास थंडावला वाटतं’ असं कानावर येतं. पाळकांच्या पत्नीला तर सुट्टी मागण्याचीही सोय नसते. म्हणून सीमा आखणं फक्त थकलेल्या माणसावर टाकू नका. इथ्रोची सूचना सगळ्या छावणीसाठी होती: हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसं नेमायची. लहान मंडळीत हजारांवर नेमायला कोण मिळणार? पण दहांसाठी एक माणूस बहुतेक मिळतो.

काही वेळा दुसरा माणूस शोधणं हेच प्रेम असतं. रात्री अकराला कुणी ‘जगावंसं वाटत नाही’ असा मेसेज केला, तर तिथे वेळापत्रक बघायचं नाही, लगेच बोलायचं. पण तरुणांचा लीडर म्हणजे डॉक्टर नव्हे. त्याच्या घरच्यांना कळवा, टेली-मानसच्या १४४१६ वर फोन लावून द्या, शक्य असेल तर शेजारी जाऊन बसा. हे एकट्याने आणि गुपचूप वाहायचं ओझं नाही.

‘पण प्रभूने तर वधस्तंभ उचलला,’ असं कुणी म्हणेल. उचलला, पित्याच्या आज्ञेत राहून. तोच प्रभू वादळात नावेत झोपला होता. तोच कफर्णहूममध्ये सगळे शोधत असताना पहाटे एकांतात प्रार्थना करत होता, आणि नंतर पुढच्या गावांना निघाला. दुसऱ्याला काम न दिल्यामुळे आलेल्या थकव्याला वधस्तंभ म्हणू नये.

आणि द्यायला जड जातं, हेही खरं. गणना ११ मध्ये मोशे इतका थकतो की देवाजवळ मरण मागतो. देव त्याला रागावत नाही, सत्तर वडील देतो. पुढे एल्दाद आणि मेदाद छावणीतच संदेश देऊ लागतात, तेव्हा यहोशवाला ते खपत नाही. मोशे मात्र म्हणतो की सगळेच लोक असे झाले तर किती बरं. नवा मुलगा आपल्यापेक्षा कच्ची गिटार वाजवतो, तेव्हा आपण कुणासारखे बोलतो? यहोशवासारखे की मोशेसारखे?

मननासाठी : या आठवड्यात माझ्या रांगेत कोण उभं आहे? त्यातलं कोण दुसऱ्या कुणाकडे जास्त नीट पोहोचेल? त्या दुसऱ्या व्यक्तीला आजच फोन करा.

प्रार्थना : हे देवबापा, मंडळी तुझी आहे, हे आम्हाला लक्षात ठेवायला मदत कर. आमच्या वाट्याचं काम आम्ही आनंदाने करू दे आणि इतरांच्या वाट्याचं त्यांच्या हाती देऊ दे. जे सेवक आज थकले आहेत, त्यांना झोप दे, भाकर दे, सोबती दे. येशूच्या नावात मागतो, आमेन.