दारावरची पाटी

२००७ च्या मे महिन्याच्या शेवटी लाइव्हजर्नल या ब्लॉगिंग साइटवरची सुमारे पाचशे खाती एका झटक्यात बंद झाली. बंद केलेल्या खात्याचं नाव तिथे आडवी रेघ मारलेलं दिसायचं, म्हणून फॅनफिक्शनच्या जगात ही घटना 'स्ट्राइकथ्रू' या नावानंच ओळखली जाते. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्ध मोहीम चालवतो म्हणणाऱ्या एका गटानं तक्रार केली होती. मग कंपनीनं प्रोफाइलमध्ये 'आवडीचे विषय' म्हणून कुणी कोणते शब्द लिहिलेत ते पाहिलं आणि कात्री चालवली. त्यात हॅरी पॉटरवर गोष्टी लिहिणारे गट सापडले, 'लोलिता' या कादंबरीवर स्पॅनिशमध्ये चर्चा करणारा गट सापडला, आणि बलात्कार सोसलेल्यांनी एकमेकांना आधार द्यायला काढलेले गटही. कंपनीनं नंतर माफी मागितली, बरीच खाती परत सुरू केली.

यातला शेवटचा गट माझ्या डोक्यातून जात नाही. शब्द तोच. गुन्हा करू पाहणारा तो लिहितो, त्यावर कादंबरी लिहिणारा लिहितो, आणि ज्याच्यावर गुन्हा घडला तोही लिहितो. शब्द पाहून बंदी घातली की या तिघांत फरक उरत नाही, आणि पहिला बहुधा आधीच सावध झालेला असतो.

फॅनफिक्शन म्हणजे आवडत्या पुस्तकातली, सिनेमातली, मालिकेतली पात्रं घेऊन चाहत्यांनी हौसेनं लिहिलेल्या गोष्टी. कर्णाला मध्यभागी आणणारी 'मृत्युंजय' ज्या भाषेत घरोघरी वाचली गेली, तिथे ही कल्पना फार समजावून सांगायला नको. फरक इतकाच, की इथे संपादक नाही, प्रकाशक नाही, मानधन नाही. टोपणनावानं लिहिणारी असंख्य माणसं आणि त्यांच्यामध्ये उभा असलेला मॉडरेटर. तोही बहुतेकदा बिनपगारी. आणि त्याच्या हातात डिलीटचं बटण. एखादी गोष्ट वाचून मला मळमळलं, तर ती काढून टाकायचा अधिकार मला मिळतो का?

१९९८ साली सुरू झालेल्या फॅनफिक्शन डॉट नेटनं २००२ मध्ये सोपं उत्तर दिलं. फक्त प्रौढांसाठी असलेल्या गोष्टींना तिथे जागाच राहिली नाही. दार बंद.

दुसरं उत्तर 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन'चं, म्हणजे सगळे ज्याला एओथ्री म्हणतात त्याचं. चाहत्यांच्या गोष्टींवर धंदा करायला निघालेल्या एका कंपनीमुळे लोक चिडले होते. त्यातून नाओमी नोविक या लेखिकेनं आपल्या टोपणनावानं एक पोस्ट लिहिली: आपलं स्वतःचं, ना-नफा संग्रहालय काढू. स्ट्राइकथ्रू त्यानंतर दोनच आठवड्यांनी झाला आणि ही कल्पना किती निकडीची होती हे सगळ्यांना दिसलं. नोव्हेंबर २००९ मध्ये साइट सर्वांसाठी खुली झाली. जाहिराती नाहीत, खर्च देणग्यांतून. आज तिथे एक कोटीहून जास्त कलाकृती आहेत आणि २०१९ मध्ये या साइटला विज्ञानकथांच्या क्षेत्रातला ह्यूगो पुरस्कारही मिळाला.

एओथ्रीनं दार उघडं ठेवलं आणि दारावर पाटी लावली. तपशिलातलं हिंसेचं वर्णन, प्रमुख पात्राचा मृत्यू, बलात्कार, अल्पवयीनांशी संबंधित लैंगिक वर्णन. या चारांपैकी काही गोष्टीत असेल तर लेखकानं तसं सांगायचं. नसेल तर 'यातलं काही नाही' म्हणायचं. आणि तिसरी वाट अशी: 'मी इशारे देत नाही, आत यायचं तर तुमच्या जबाबदारीवर या.' ही तिसरी वाट मला फार प्रामाणिक वाटते. रहस्य फुटू नये असं वाटणाऱ्या लेखकाला ती मोकळीक देते आणि वाचकालाही फसवत नाही. मॉडरेटरचं काम मग गोष्ट चांगली की वाईट हे ठरवण्याचं राहत नाही, पाटी खोटी आहे का एवढं पाहण्याचं राहतं.

यावर आक्षेप ठरलेला असतो: पाटी लावली की काहीही चालतं का? लहान मुलं वाचतात त्याचं काय? हे खरंच आहे, की प्रौढ मजकुराआधी येणाऱ्या 'पुढे जायचं का?' या पानावर 'हो' दाबायला कुणाला अठरा वर्षं पूर्ण करावी लागत नाहीत. पण बंदी घातल्यावर काय होतं, तेही पाहायला हवं. फेब्रुवारी २०२० मध्ये शाओ झान या चिनी अभिनेत्यावर लिहिलेल्या एका काल्पनिक गोष्टीनं त्याचे काही चाहते संतापले आणि त्यांनी सरकारी यंत्रणेकडे तक्रारींची मोहीम उघडली. त्या महिन्याच्या अखेरीस चीनमध्ये एओथ्री उघडेनासं झालं. राग एका गोष्टीचा होता. गेली ती सगळ्यांची लायब्ररी, तक्रार करणाऱ्या चाहत्यांपैकीही कितीतरी जण जिथे वाचत असतील ती. वर अभिनेत्याच्याच जाहिरातींवर बहिष्कार आला. खऱ्या माणसावर अशी गोष्ट लिहावी का, हा प्रश्न मला आजही अवघड वाटतो. त्या चाहत्यांचा संताप मला समजतो, त्यांनी शोधलेला पंच मात्र नाही.

पाटीचं तत्त्व कागदावरच्या पात्रांपुरतंच चालतं, हेही सांगायला हवं. कुणी एखाद्या लेखिकेच्या प्रत्येक गोष्टीखाली शिव्या घालत असेल, तिचं खरं नाव शोधून जाहीर करत असेल, तर 'इथे छळ होतो' अशी पाटी लावून भागत नाही. तिथे काढून टाकणंच योग्य, आणि एओथ्रीचे नियमही तेच सांगतात. गोष्टीतला खून आणि कॉमेंटमधली धमकी यांतला फरक ज्याला ओळखता येत नाही, त्यानं मॉडरेटर होऊ नये.

हा फरक रोज ओळखायला मात्र माणसं लागतात. एओथ्रीवर लेखक मनाला येईल ते टॅग लिहू शकतो, आणि त्या पसाऱ्यातले एकाच अर्थाचे टॅग एकमेकांना जोडण्याचं काम शेकडो स्वयंसेवक फुकट करतात. तक्रारी वाचणारेही स्वयंसेवकच. २०२२ मध्ये कुणीतरी यातल्या काही स्वयंसेवकांना ईमेलमधून मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रं पाठवली. संध्याकाळी नोकरीवरून येऊन हौसेनं टॅग जोडणाऱ्या माणसाच्या इनबॉक्समध्ये हे येतं. मॉडरेटर कडक हवा की सैल, यावर आपण तावातावानं बोलतो. त्याच्या झोपेचा विषय त्यात निघत नाही.

मला सगळ्यात जास्त अडवतो तो प्रश्न वंशद्वेषाचा. २०२० पासून अनेक वाचकांनी एओथ्रीला विचारलं, की चार इशाऱ्यांत खून आहे, मग वर्णद्वेष का नाही? प्रश्न रास्त आहे. चारच गोष्टी निवडणं हाही एक नैतिक निर्णयच होता, कुणाला काय खुपतं याबद्दलचा. 'आम्ही तटस्थ आहोत' असं म्हणून तो झाकता येत नाही.

पण पाचवी पाटी लावायची कुणी? आपण खून लिहिला हे लेखकाला माहीत असतं. आपल्या गोष्टीतलं काळं पात्र नुसतंच रागीट आणि मुकं का झालं, हे त्याला माहीत नसतं, नाहीतर त्यानं तसं लिहिलंच नसतं. ज्याला कळतं तो बहुधा खूण करेल, ज्याला कळत नाही तो रकाना रिकामा सोडेल. म्हणजे जिथे इशारा सगळ्यात गरजेचा, तिथेच तो मिळणार नाही. तो दुसऱ्या कुणी लावायचा तर मॉडरेटरनं गोष्ट वाचून निवाडा द्यायचा, आणि आपण पुन्हा २००७ च्या कात्रीपाशी येतो.

तरी मॉडरेटरच्या हातात दुसरं काहीच नाही असं नाही. नको त्या माणसाला ब्लॉक आणि म्यूट करायची सोय एओथ्रीवर फार उशिरा आली. ती आधीच यायला हवी होती, कारण वर्णद्वेषाबद्दल बोलणाऱ्यांवरच कॉमेंटमध्ये झुंडी तुटून पडायच्या, आणि तो छळ होता, साहित्य नव्हे. गोष्टीबद्दल बोलायचं असेल तर वाचकापाशी आणखी एक जागा आहे, जी फार जण वापरत नाहीत. गोष्टीखालची कॉमेंट लेखक पुसू शकतो. पण वाचक गोष्ट बुकमार्क करतो तेव्हा त्याला स्वतःचे टॅग आणि टीप जोडता येते, आणि सार्वजनिक बुकमार्कमधली ती टीप लेखकाला पुसता येत नाही.