केबिन माणसाच्या मापाची

वाफेच्या इंजिनाचे बहुतेक भाग वाफेच्या हिशेबाने ठरतात. बॉयलरचा घेर, सिलिंडरची लांबी, चाकांचा व्यास यांना ड्रायव्हर बुटका की उंच याचं सोयरसुतक नसतं. केबिनचं तसं नाही. फावडं फिरवायला किती जागा लागेल, वाकून रूळ दिसतील का, छत डोक्याला लागेल का, हे सगळं देहावरून ठरतं. म्हणून एखादा हौशी कारखान्याच्या इंजिनाच्या मॉडेलवरची तयार केबिन उतरवून स्वतःची बसवतो, तेव्हा तिथे कोण राबत होतं हेच तो ठरवत असतो.

काटेकोर मंडळींना ही ढवळाढवळ खपत नाही. पण खाणीची, कारखान्याची इंजिनं मूळ रूपात टिकली कधी? वेल्समधल्या पाटीच्या दगडाच्या खाणींत हन्स्लेट कंपनीची कितीतरी इंजिनं केबिनशिवायच धावली. ड्रायव्हर पावसात भिजत राहिला. आपल्याकडेही साहिब, सिंध, सुलतान ही १८५३ च्या पहिल्या प्रवासी गाडीच्या इंजिनांची नावं पाठ असणाऱ्यांना १८५२ चं भायखळ्याचं ‘लॉर्ड फॉकलंड’ सहसा आठवत नाही. ते कंत्राटदाराचं, कामाचं इंजिन होतं ना!

भिवंडीतल्या नारपोलीत हा वाद कुणाला कळायचाही नाही. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग तिथे आले आणि जागेप्रमाणे, सुताप्रमाणे, दुरुस्ती करणाऱ्याच्या हाताप्रमाणे बदलत गेले. त्यातला ‘अस्सल’ माग कोणता, असं विचारलं तर मागवाला हसेल.

मात्र मोकळीक म्हणजे मनमानी नव्हे. १९०७ साली सुरू झालेल्या नेरळ–माथेरान गाडीची ओरेनस्टाइन आणि कॉपेल कंपनीची इंजिनं घ्या. रूळांतलं अंतर ६१० मिलिमीटर; १:१९ प्रमाणात ते ३२ मिलिमीटर होतं आणि साडेपाच फुटी ड्रायव्हर जेमतेम नऊ सेंटिमीटरचा. अर्धा मिलिमीटर पितळी पत्रा याच हिशेबाने साडेनऊ मिलिमीटर जाड ठरतो. एवढ्या जाड पत्र्याची केबिन कोण बांधेल? म्हणून नजरेस पडणाऱ्या कडा कानशीने पातळ कराव्या लागतात. रिव्हेट पत्र्याच्या मागून टोच्याने उठवायचे, कोपरे कथलाने जोडायचे. हे हात बसला की जमतं. खरं अवघड आहे ते माप.

आपले मूर्तिकार ते बाहेरून आणत नसत. देहांगुल म्हणजे मूर्तीच्याच उंचीचे पाडलेले भाग. नवताल मूर्ती अशा १०८ अंगुलांची. मूर्ती वीतभर असो वा पुरुषभर, प्रमाण तिच्यातूनच निघतं. मॉडेलवाल्याने हा धडा उचलावा. कॅटलॉगमधल्या चित्रावरून केबिन बेतली की ती देखणी होते आणि आत उभं राहायला जागा उरत नाही. असे नमुने मी पुष्कळ पाहिलेत.

तेव्हा पत्रा कापण्याआधी पुठ्ठ्याची केबिन करा आणि तो नऊ सेंटिमीटरचा ड्रायव्हर आत उभा करून बघा. त्याचा हात रेग्युलेटरपर्यंत पोचत नसेल, तर पुठ्ठा फेकून पुन्हा आखा.