भय कुणाचं?

शेरिडन ल फानू या आयरिश लेखकाची 'कार्मिला' ही कथा 1871-72 मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. ब्रॅम स्टोकरचा 'ड्रॅक्युला' यायला तेव्हा 25 वर्षं अवकाश होता. स्टिरियातल्या एकाकी गढीत वडिलांसोबत राहणारी लॉरा आणि तिच्याकडे पाहुणी म्हणून आलेली कार्मिला यांची ही गोष्ट. कार्मिला रक्तपिपासू आहे आणि तिचं लॉरावर प्रेम आहे. कथेत या दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवता येत नाहीत. लॉराला तिची ओढ वाटते आणि त्याच क्षणी किळसही येते. अखेर वडीलधारे पुरुष कबर उघडून कार्मिलाचा निकाल लावतात. पुढच्या अनेक दशकांतल्या भयकथेने समलिंगी माणसांना जी जागा दिली, ती इथेच ठरलेली दिसते. कथेत यायचं ते राक्षस होऊन, आणि गोष्ट संपण्याआधी मरायचं.

हे केवळ लेखकांच्या मनातलं विष नव्हतं. 1885 मध्ये ब्रिटनच्या संसदेने पुरुषांमधले शरीरसंबंध सरसकट गुन्ह्याच्या कक्षेत आणले. त्याच कायद्याखाली 1895 मध्ये ऑस्कर वाइल्डला दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. त्याआधी कोर्टात त्याच्या 'द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे' या कादंबरीवरून त्याची उलटतपासणी घेतली गेली. एक भयकादंबरी लेखकाविरुद्ध पुरावा म्हणून वाचली गेली! आपल्याकडे तर त्याच साम्राज्याने 1860 च्या दंडसंहितेत कलम 377 आधीच घालून ठेवलं होतं. अशा काळात हे प्रेम उघडपणे मांडणारी कादंबरी कोण छापणार? भयकथेत मात्र ते मांडावं लागत नाही. रात्री खिडकीशी कुणीतरी येतं, एवढं पुरतं.

हॉलिवुडमध्येही हेच घडलं. 1934 पासून प्रॉडक्शन कोड या सेन्सॉर-नियमावलीची कडक अंमलबजावणी सुरू झाली आणि समलिंगी संबंधांचा नुसता सूचक उल्लेखही पडद्यावर वर्ज्य ठरला. 1936 च्या 'ड्रॅक्युलाज डॉटर'मध्ये काउंटेस झालेस्का एका गरीब मुलीला चित्रासाठी मॉडेल म्हणून बोलावते आणि तिच्या उघड्या खांद्यांकडे पाहत राहते. या प्रसंगाबद्दल सेन्सॉर अस्वस्थ होते, पण तो पडद्यावर आला, कारण पाहणारी बाई पिशाच होती. मला या चित्रपटातलं दुसरंच काही जास्त छळतं. झालेस्काला आपण जे आहोत त्यातून सुटका हवी आहे. ती बापाचं प्रेत जाळून पाहते, मग मनोविकारतज्ज्ञाकडे जाते आणि मला बरं करा म्हणते. समलिंगी असणं हा आजार नाही, हे अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने मान्य केलं ते 1973 मध्ये. मधल्या 37 वर्षांत किती माणसं झालेस्कासारखीच त्या दारांशी जाऊन उभी राहिली असतील!

याच काळात जेम्स व्हेल हा दिग्दर्शक युनिव्हर्सल स्टुडिओत काम करत होता. डडलीच्या कामगारवस्तीत जन्मलेला, पहिल्या महायुद्धात युद्धकैदी झालेला हा इंग्रज माणूस हॉलिवुडमध्ये डेव्हिड लुईस या निर्मात्यासोबत फारशी लपवाछपवी न करता राहत असे. त्याच्या 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन'मध्ये (1935) जखमी राक्षस जंगलातल्या एका आंधळ्या म्हाताऱ्याच्या झोपडीत शिरतो. म्हातारा व्हायोलिन वाजवतो, त्याला जेवू घालतो, एकटेपणा संपवल्याबद्दल रडत देवाचे आभार मानतो. राक्षसाच्याही डोळ्यांतून पाणी येतं. दोन पुरुषांचा हा चिमुकला संसार काही काळ चालतो. मग बंदूकधारी शिकारी येतात आणि त्या झटापटीत झोपडी पेटते. या प्रसंगात व्हेलचं समलिंगी आयुष्य शोधणं लुईसला मान्य नव्हतं. जिमी, म्हणजे व्हेल, आधी कलावंत होता, असं त्याचं म्हणणं होतं. त्याचा मान राखूनही मी म्हणेन की त्या झोपडीत कॅमेरा कुणाच्या बाजूला बसला आहे, हे पाहायला चरित्राची गरज नाही. भीती आहे ती राक्षसाला, आणि ती दाराबाहेर उभ्या असलेल्या सभ्य माणसांची.

अशा व्यक्तिरेखा चांगल्या रंगवल्या की वाईट, याचा हिशेब मला म्हणूनच अपुरा वाटतो. 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज'मधला (1991) खुनी खरा ट्रान्स नाही, असं त्यातली पात्रं स्पष्ट सांगतात. पण प्रेक्षकाच्या मनात उरतो तो स्त्रीवेषात नाचणारा देह. 1992 च्या ऑस्कर सोहळ्याबाहेर क्वीअर कार्यकर्ते निदर्शनं करत होते आणि आत त्याच चित्रपटाला पाच मुख्य पुरस्कार मिळत होते. चित्रपट उत्तम आहे, आणि निदर्शकही बरोबर होते. त्या खुन्याला स्वतःला कशाची भीती वाटते, हे चित्रपटाने विचारलेलंच नाही.

स्टीफन किंगच्या 'इट'मध्ये (1986) तो प्रश्न येतो. 1984 मध्ये मेन राज्यातल्या बँगोर गावी, किंग तेव्हा राहत होता त्याच गावी, तीन मुलांनी एका समलिंगी तरुणाला पुलावरून ओढ्यात फेकलं आणि तो बुडून मेला. कादंबरीतला एड्रियन मेलन असाच फेकला जातो. विदूषकाच्या रूपात वावरणारं कादंबरीतलं भूत पुलाखाली दिसतं, पण मारहाण सुरू करायला कुणा भुताची गरज लागलेली नसते.

आता क्वीअर लेखक स्वतःच हा प्रकार हाताळत आहेत. कार्मेन मारिया मचाडोने 2019 मध्ये 'कार्मिला'ची नवी आवृत्ती संपादित केली आणि त्याच वर्षी तिचं 'इन द ड्रीम हाउस' हे आत्मकथन आलं. प्रेयसीने केलेल्या छळाची ही हकिकत झपाटलेल्या घराच्या कथांचे आकार वापरून सांगितली आहे. इथे छळणारी स्त्री समलिंगी आहे, आणि घाबरलेली स्त्रीही. आपल्यातलं कुणी दुष्ट असू शकतं हे लिहिलं की विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल, या धास्तीने असं लेखन आजवर दडपलं गेलं. आपल्या माणसांना खलनायक होण्याचाही हक्क आहे, असं मचाडो तिथे आग्रहाने मांडते.