झाडाची किंमत

नगररचनेचा आराखडा तयार होतो तेव्हां रस्ता, गटार, बाजार यांना अगोदर जागा मिळते; उरल्यासुरल्या तुकड्यावर हिरवा रंग फिरवून त्यास उद्यान म्हणतात. ही निव्वळ इंजिनियरची बाब आहे, असें पुष्कळांस वाटतें. मला तो नीतीचाही प्रश्न वाटतो.

महाराष्ट्रांत नागरी क्षेत्रांतील वृक्षरक्षणाचा कायदा १९७५ सालीं झाला. २०२१ च्या दुरुस्तीनें ५० किंवा अधिक वर्षांच्या झाडास वारशाचा दर्जा दिला, आणि तोडलेल्या झाडाचें जितकें वय तितकीं रोपें लावावीं असें ठरविलें. हेतु चांगला, याविषयीं वाद नाहीं. पण हिशेब सावकारी आहे. साठ वर्षांचा निंब गेला, साठ रोपें आलीं, खातें चुकतें झालें!

जामनेरास, कांग नदीच्या कांठीं राहणाऱ्यास हें पटणें कठीण. आमच्या जळगांव जिल्ह्यांत उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांवर जातो. बाजारास आलेली म्हातारी त्या निंबाखालीं टेकते. रोपें वाढेपर्यंत तिनें कोठें बसावें?

तरी सावली हा अखेर आपलाच स्वार्थ. ‘उंबर फोडून केंबरें उडविणें’ असें आपण कुचेष्टेनें म्हणतों. उंबराचें फूल फळाच्या आंतच दडलेलें असतें. चिलटाएवढे जीव आंत शिरून पराग पोहोंचवितात, तेव्हांच त्याला बीज धरतें. ज्याला आपण घाण समजलों, त्याच्यावर त्या वृक्षाचा वंश उभा, आणि फळांवर पांखरें, वटवाघळें. हा संसार रोपांच्या संख्येंत कसा मांडावा?

पॅट्रिक गेडीज मूळचा जीवशास्त्रज्ञ. १९१९ ते १९२४ पर्यंत तो मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचा प्राध्यापक होता. आधीं पाहणी, मग आराखडा, आणि जुन्या वस्तीवर कुऱ्हाड न चालवितां जपून थोडीच शस्त्रक्रिया, असा त्याचा आग्रह असे. जीव कसे जगतात हें शिकलेल्या माणसानें नगररचनेंत पडावें, यांत मला मोठें औचित्य दिसतें.

वाचक म्हणतील, गरिबांस घरें नकोत काय? रुग्णास दवाखान्याचा रस्ता नको काय? हवाच, आणि कांहीं झाडें त्यासाठीं जातीलही. पण नकाशावर जुनीं झाडें व नाले अगोदर काढावे, मग रस्त्याची रेघ मारावी. रस्ता थोडा वांकडा होईल. एखाद्याचा ओटा जाईल आणि नगरपालिकेस भरपाई द्यावी लागेल. ती ठरवितां येते, आणि ओट्याचा धनी ती मागूंही शकतो.